निंबाखालचा हिरवा कपडा

२०२३ सालच्या एप्रिलमधला शेवटचा गुरुवार. गोजरबाईंनी निंबाखालच्या दगडावरची हिरवी चादर दोन्ही हातांनी उचलली, वाऱ्याकडे पाठ केली आणि जोरात झटकली. आठवड्याभरात साचलेली, खडीच्या क्रशरची करडी भुकटी उडून गेली. चादर पुन्हा अंथरताना त्यांनी चारही कोपरे ताणून घेतले आणि दगडाखाली तिरके खोचले, गादीखाली खोचतात तसे. बत्तीस वर्षं दवाखान्यात आयाचं काम केलेला हात होता तो. पिराच्या चादरीलाही तो दवाखान्याचीच घडी घालत असे.

हिवरखाण गावात गुरुवारी खाणीत सुरुंग उडवण्याआधी इथे नारळ फुटायचा. तो फोडायचा मान क्रशरचे मालक बाबाशेठ गाडे यांचा. त्यांची पांढरी गाडी निंबापासून वीस पावलांवर थांबली. पायातले बूट गाडीतच काढून ते अनवाणी चालत आले.

"मावशी, किती वर्षं ही चाकरी करणार पिराची? एखादा पोरगा ठेवू का झाडायला?"

"ठेव की. पर त्याला कोपरे खोचता आलं पायजेत."

बाबाशेठ हसले. पन्नाशीला टेकलेला, भरल्या अंगाचा माणूस. गावातल्या निम्म्या लोकांप्रमाणे तेही मागच्या दगडी दवाखान्यात, गोजरबाईंच्या हातावरच जन्मले होते. म्हणून गावात मोठे झाले तरी या बाईसमोर ते थोडे वाकूनच उभे राहत.

नारळ फोडून झाल्यावर ते लगेच निघाले नाहीत. त्यांनी खिशातून मोबाईल काढला आणि एक चित्र गोजरबाईंसमोर धरलं. पांढरा संगमरवरी ओटा, चार खांब, वर घुमट, घुमटाला हिरवे दिवे.

"कसं वाटतं? पिराचं. आपल्या बाबाजान पिराचं. एक तारखेला ग्रामसभेत मांडतोय."

"झ्याक हाय," गोजरबाई म्हणाल्या. मग डोळे बारीक करून त्यांनी चित्र पुन्हा पाहिलं. "दवाखाना कुठं दिसत न्हाई यात."

"तो पाडायचाय. खाण इकडं सरकवतोय ना. खालचा दगड एक नंबर हाय, मावशी, पार तळापर्यंत अखंड. पिराला हात लावत न्हाई. निंबाला लावत न्हाई. तेवढी जागा सोडून बाकी घेणार." त्यांनी मोबाईल खिशात घातला. "दवाखान्यात आता राहिलंय काय? पाकोळ्या."

गाडी गेली. थोड्या वेळानं लाल झेंडा वर चढला, शिट्टी झाली आणि जमीन हलली. गोजरबाई तशाच उभ्या होत्या. चादरीवर पुन्हा भुकटी बसायला लागली, पण या वेळी त्यांनी ती झटकली नाही.

*

ती इमारत १९३६ सालची. रेल्वेच्या रुळांखाली घालायची खडी इथून जायची, तेव्हा खाण चालवणाऱ्या कंपनीनं ती बांधली. बांधली म्हणजे, खाणीवरच्याच माणसांनी दर रविवारी दगड घडवून दिले. भिंती दोन हात जाड. वैशाखातही आत गेलं की माठाला हात लागावा तसं वाटे. आधी दोनच खोल्या होत्या, पुढे बायकांसाठी तिसरी झाली. अंगणातला निंब मात्र त्याच्याही आधीचा. त्याच्या सावलीसाठीच कंपनीच्या साहेबानं ही जागा निवडली, असं जुनी माणसं सांगत.

या इमारतीची एक गोष्ट पंचक्रोशीत दुसऱ्या कुठल्या इमारतीत नव्हती. तिच्या दारांना उंबरे नव्हते. दारं इतकी रुंद की रोग्याची बाज चौघांनी खांद्यावर धरून सरळ आत न्यावी. आणि नेणाऱ्याचा पाय अडखळू नये म्हणून उंबराच बसवलेला नव्हता. नव्यानं लग्न होऊन आलेल्या सुना दिवाळीला दवाखान्यात पणती लावायला येत आणि उंबरा न दिसल्यानं गोंधळून उभ्या राहत. हळदीकुंकू वाहायचं कुठं? गोजरबाई त्यांना सांगत, "वाहू नगा. इथं लक्ष्मी बाजेवरनं येती."

गोजरबाई १९६२ साली तिथे लागल्या, तेव्हा एकवीस वर्षांच्या होत्या. नवरा खाणीतच गेलेला, पदरात मूल नाही. कंपनीनं भरपाईच्या जागी नोकरी दिली. पुढे रेल्वेच्या खडीचं काम संपलं, कंपनी गेली, १९९४च्या मार्चमध्ये दवाखाना बंद झाला, रुळाचा फाटाही उखडून नेला. पावसाळ्याआधीच कर्मचाऱ्यांच्या चाळीची कौलं गेली. मग खिडक्या गेल्या. दवाखान्याच्या सागवानी दारांवर लोकांची नजर फिरू लागली. आणि नेमक्या त्याच श्रावणात निंबाखालच्या दगडावर हिरवी चादर दिसू लागली. कुणी म्हणालं, बाबाजान पीर प्रकटला. कुणी म्हणालं, तो होताच. गावातल्या चार जणांची नावं काय उगाच बाबाजान ठेवली आहेत? दारांना त्यानंतर कुणी हात लावला नाही. ती आजही जागेवर होती.

*

"आजी, आहात का?"

आयेशा दारातूनच विचारत आत आली आणि पाण्याचा तांब्या स्वतःच उचलून प्यायली. ती गावची आरोग्य अधिकारी होती. वय अठ्ठावीस. तिचं उपकेंद्र समाजमंदिराच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत चाले. एप्रिलमध्ये त्या खोलीत लसींची पेटी ठेवायलाही जीव घाबरे.

"ऐकलंत ना घुमटाचं?"

"चित्र बघितलं."

"मी त्याच इमारतीसाठी वर्षभर कागद फिरवतेय. जिल्ह्यातून माणूस येऊन बघून गेला. म्हणाला, भिंती आणखी शंभर वर्षं हलणार नाहीत. छप्पर बदला आणि उपकेंद्र सुरू करा. फक्त ग्रामसभेचा ठराव हवा. आणि आता ग्रामसभा घुमटाला हात वर करणार." ती खाली बसली. "पिरापुढे माझं कोण ऐकणार? मी बोलले तर म्हणतील, स्वतः मुसलमान असून पिराला आडवी येते."

गोजरबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी ताट थोडं उजेडाकडे सरकवलं.

"एक गंमत सांगू? माझे आजोबा याच दवाखान्यात कंपाउंडर होते. त्यांचं नावही बाबाजान. मी लहानपणी समजायचे, या पिरावरूनच ठेवलं असेल. तर अब्बा म्हणतात, आमच्या सात पिढ्यांत कुणाला हा पीर माहीत नाही. आणि आजोबा इथले नव्हतेच, जामखेडचे. तिथे ते जन्मले तेव्हा त्यांना हिवरखाण कुठून माहीत?"

गोजरबाईंचा हात ताटात थांबला. मग एक खडा वेचून त्यांनी बाजूला टाकला.

"राहील काय म्हनतो अजून?" त्यांनी विचारलं. राहील म्हणजे आयेशाचे वडील.

"अब्बा? अब्बा म्हणतात, तुझे आजोबा पाच वेळचे नमाजी होते, पण विडी सुटली नाही. असा माणूस पीर कसला होतोय."

गोजरबाई एकदम हसल्या. इतक्या, की पदर तोंडाशी न्यावा लागला. मग हसू थांबलं आणि पदर तसाच राहिला.

"सभा किती वाजता?" त्यांनी विचारलं.

*

एक मेला झेंडावंदन झाल्यावर शाळेच्या पटांगणात सतरंज्या घातल्या. सरपंच कानिफनाथ खुर्चीत, शेजारी ग्रामसेविका पूजा रजिस्टर उघडून बसलेली. बाबाशेठनी चित्राचा मोठा फलक करून आणला होता. तो झाडाला टेकवून ठेवल्यावर बायकांनीही माना उंचावल्या.

बाबाशेठ थोडक्यातच बोलले. पिराच्या कृपेनं गावात काम आहे. पिराला उघड्यावर ठेवणं बरं नाही. खाण सरकली तर आणखी चाळीस घरांना काम मिळेल. टाळ्या झाल्या.

आयेशा उठली. तिनं भिंती, छप्पर, उपकेंद्र असं सगळं नीट सांगितलं. लोकांनी ते शांतपणे ऐकलं. टाळ्या मात्र कुणी वाजवल्या नाहीत.

"दोन्ही प्रस्ताव लिहून घ्या," सरपंच पूजाला म्हणाले. "मग हात मोजू."

"सर, अर्जात एक रकाना आहे. इमारतीचा इतिहास. तो कोण सांगेल?"

"इतिहास मावशीला विचारा. त्यांच्याएवढं जुनं आता दगडच उरलेत."

लोक हसले. गोजरबाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या. त्यांना माईक दिला, तो त्यांनी बाजूला ठेवला.

"इतिहास सांगते. पर आधी येक सांगते. तिथं पीर न्हाई."

मागून कुणीतरी म्हणालं, "मावशीला ऊन लागलं जणू."

"ऊन न्हाई लागलं. ती चादर मी घातली. दर साली नवी मीच घालते. नगरला जाऊन कापड आनते, शिवून घेते. पैला कपडा हुता तो ऑपरेशनच्या टेबलावरचा. दवाखाना बंद झाला त्या साली धुऊन दगडावर वाळत घातला. येक बाई जाता जाता नारळ ठिवून गेली. मी काय बोलले न्हाई. दारं चोरीला चालली हुती; म्हनलं, राहू द्या. पीर राखन करील."

"अहो, मी नवस फेडलाय तिथं!" सूर्यभान तात्या ओरडले. "बोकड कापलाय!"

"ठावं हाय, तात्या. मीबी खाल्लाय. लई चांगला हुता."

हशा पिकला, पण लगेच विरला. बाबाशेठ उभे राहिले होते. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"मावशी, माझं नाव बाबाजान हाय. आईनं पिराला बोलून ठेवलं. माझी आई खोटं बोलली म्हनायचं का?"

"व्हय," गोजरबाई म्हणाल्या. "चांगुना खोटं बोलली. मीच तिला सांगितलं हुतं तसं बोलायला. खाली बस, बाबा. तुझ्याच घरची गोष्ट हाय, नीट ऐक."

बाबाशेठ बसले नाहीत. गोजरबाईंनी त्यांच्याकडे पाहतच सांगायला सुरुवात केली.

चौऱ्याहत्तर सालचा मे महिना. रेल्वेचा संप सुरू झाला आणि डॉक्टरसाहेब मुलीच्या लग्नाला नागपूरला गेलेले तिकडेच अडकले. दवाखान्यात दोघंच. कंपाउंडर बाबाजान आणि आया गोजरबाई. संपाच्या दुसऱ्याच दिवशी, दुपारी, एक सुरुंग वेळेआधीच उडाला. सात बाजा आल्या. एका पाठोपाठ एक, उंबरा नसलेल्या दारातून. कंपनीची एकच मोटार, ती मनमाडला. दोघांना बैलगाडीत घालून नगरकडे पाठवलं. ते वाटेतच गेले. मग बाबाजान म्हणाले, आता कुणाला हलवायचं नाही.

"मी म्हनलं, भाऊ, डॉक्टर न्हाईत. ते म्हनले, डॉक्टरांचे हात बघितल्यात ना इतकी वर्सं? मीबी बघितल्यात, तूबी बघितल्यात. त्या रंगनाथचा पाय काळा पडत चालला हुता. तुझ्या बापाचा, बाबा. पाय ठिवला असता तर मानूस गेला असता. भुलीच्या इथरचा बोळा मी धरला. पाय त्यांनी काढला. गुडघ्याच्या खाली, चार बोटं. हात येकदाबी हलला न्हाई."

पूजाचं पेन रजिस्टरावर थांबलं होतं.

"नऊ दिवस ते झोपले न्हाईत. पाचीच्या पाची वाचली. दहाव्या दिवशी डॉक्टर आले. त्यांनी सगळ्यांच्या जखमा सोडून बघितल्या, परत बांधल्या. म्हनले, बाबाजान, हे कागदावर तुझ्या नावानं गेलं तर तुला बेड्या पडतील. हे मी केलं. आन् सगळ्या कागदांवर मागल्या तारखा घालून सह्या केल्या. लई भला मानूस. आमाला सांगितलं, कुनी बोलायचं न्हाई."

त्यांनी पदरानं ओठ पुसले.

"न्हाई बोललो. पर त्या बायांना ऱ्हावंना. त्यांच्या घरात मग जी पोरं झाली, त्यांची नावं बाबाजान ठिवली. नाव ठिवायला कुनाची सही लागत न्हाई. कुनी विचारलं तर काय सांगायचं? मी म्हनलं, सांगा पिराचा नवस हुता." त्या बाबाशेठकडे वळल्या. "तू पैला. अपघातानंतर पंधरा दिवसांनी झाला. तुझी नाळ बाबाजानभाऊंच्याच कातरीनं कापली, मी न्हाई."

बाबाशेठ सतरंजीवर खाली बसले.

"आता घुमट कुठं बांधायचा त्यो बांधा," गोजरबाई म्हणाल्या. "पर त्यो मानूस दगडावर नव्हता उभा. त्यो त्या खोलीत उभा हुता. खोली पाडून दगडाला संगमरवर लावला तर मला हसू यील. त्यांनाबी आलं असतं."

त्या खाली बसल्या. आयेशानं त्यांचा हात धरला. तिचा तळवा घामानं ओला होता, गोजरबाईंचा कोरडा.

सरपंचांनी घसा साफ केला. हात मोजायचे राहूनच गेले. विषय पुढच्या सभेवर ढकलला, एवढंच पूजानं लिहून घेतलं.

*

गुरुवार उजाडला. चादर काढायला कुणी आलं नाही, नारळ फोडायलाही अजून कुणी आलं नव्हतं. गोजरबाई निंबाखाली उभ्या राहून दवाखान्याच्या बंद दारांकडे पाहत होत्या. आपण बोललो नसतो तर दगड तरी राहिला असता. आता दगडाचंही काही खरं नाही, खोलीचंही नाही. तरी गेल्या तीन रात्री त्यांना गाढ झोप लागली होती.

नेहमीच्या वेळेला पांढरी गाडी आली. वीस पावलांवर थांबली. बाबाशेठ अनवाणी उतरले. हातात नारळ होता. दगडापर्यंत आले आणि नारळ घेऊन तसेच उभे राहिले.

"मावशी, हा आता कुठं फोडू?"

"घरी ने. सुनेला म्हनावं चटनी वाट."

त्यांना हसू आलं नाही. त्यांनी नारळ गाडीच्या बॉनेटवर ठेवला.

"बापानं मला कधी सांगितलं न्हाई. लाकडी पाय लावून तीस वर्सं माझ्यापुढं फिरला. मी विचारायचो, कुनी काढला पाय? म्हनायचा, डॉक्टरसाहेबांनी. आन् मरताना म्हनला, बाबाजानला सलाम सांग. मला वाटलं, पीर." त्यांनी चादरीकडे पाहिलं. "मी पुढल्या गुरुवारी चादर चढवली. मोठी चढवली."

गोजरबाईंनी कमरेची किल्ली सोडली. "चल."

सागवानी दार आत ढकललं गेलं. बाबाशेठनी आत जाताना सवयीनं पाय उंच उचलला. उंबरा नव्हताच. पाऊल हवेत राहिलं, मग हलकेच खाली टेकलं. ते पायाखाली पाहत राहिले.

"बाजेसाठी," गोजरबाई म्हणाल्या.

आत गारवा होता. वर छपराच्या भोकांतून उजेडाचे गोल फरशीवर पडले होते. गोजरबाईंनी चपलेच्या टोकानं एका जागची धूळ बाजूला केली. फरशीत चार खळगे होते, टेबलाच्या पायांनी पडलेले.

"हितं डोकं, हितं पाय. ते या बाजूला उभे. मी तिकडं."

बाबाशेठ त्या चार खळग्यांच्या मध्ये गेले नाहीत. भिंतीकडे सरकून उभे राहिले. त्यांनी भिंतीवर तळवा ठेवला. बाहेर खाणीवरून फोन येत होता, एकदा, दोनदा, तीनदा. लाल झेंडा वर जायची वेळ झाली होती. चौथ्यांदा त्यांनी उचलला.

"आज सुरुंग न्हाई," ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "इकडच्या बाजूचे न्हाईच."

*

त्या संध्याकाळी आयेशा आली तेव्हा निंबाखाली अंधारून आलं होतं. पलीकडच्या माळावर मात्र अजून पिवळं ऊन होतं. दोघी दगडाशेजारी उकिडव्या बसल्या. चादर तशीच होती. ती काढायला हवी, असं दोघीही म्हणाल्या आणि दोघींनीही हात लावला नाही.

"आजी, एक विचारू?"

"इचार."

"सभेत तुम्ही म्हणालात, कपडा वाळत घातला होता."

"व्हय."

"मी महिनाभर बघतेय. या दगडावर दिवसभरात कधीच ऊन येत नाही." आयेशानं वर निंबाकडे पाहिलं. "माळावर एवढी उघडी जागा असताना इथे कपडा कोण वाळत घालतं?"

गोजरबाईंनी चादरीची एक चुणी सारखी केली.

"तवा निंब बारका हुता."

आयेशा हळूच म्हणाली, "चादर दिसली त्याच श्रावणात आजोबा गेले. अब्बा सांगतात, जामखेडहून तुम्हाला निरोप पाठवला होता."

"आला हुता."

गोजरबाईंच्या डोळ्यांपुढे चौऱ्याहत्तर सालच्या त्या दहाव्या दिवसाची पहाट होती. डॉक्टरांची बैलगाडी अजून यायची होती. पाचही जणांचा श्वास नीट चालला आहे, हे पाहून बाबाजान बाहेर येऊन दगडावर बसले, विडी काढली आणि पेटवायच्या आधीच बसल्या बसल्या झोपले. मे महिना असूनही पहाटेच्या वाऱ्यानं त्यांचं अंग कापत होतं. दवाखान्यात कोरडं असं एकच कापड उरलं होतं, टेबलावरचं हिरवं. ते आणून गोजरबाईंनी त्यांच्या खांद्यावरून पांघरलं, आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून त्याचे कोपरे दगडाखाली खोचले. डॉक्टर येईपर्यंत त्या जवळच उभ्या होत्या. त्यांना कुणी पाहिलं नव्हतं. हे त्यांनी ना सभेत सांगितलं होतं, ना कधी कुणाला.

आयेशानं हात पुढे केला आणि दुसऱ्या बाजूचा सुटलेला कोपरा दगडाखाली खोचला. तिरका, घडी घालून.

गोजरबाईंनी तो पाहिला. "जमतंय तुला," त्या म्हणाल्या.

*

पंधरा ऑगस्टच्या सभेत उपकेंद्राचा ठराव झाला. सूर्यभान तात्यांनी विरोधात हात वर केला. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की मग बोकडाचं काय. कानिफनाथ पुढच्या निवडणुकीत पडले, तरी दवाखाना आपल्या कारकिर्दीत झाला हे ते अजूनही एसटीत भेटेल त्याला सांगतात. पूजाची बदली राजूरला झाली. इतिहासाच्या रकान्यात तीन ओळींची जागा होती. तिनं जादा कागद जोडून दोन पानं लिहिली, आणि ती दोन पानं तालुक्याच्या फाइलीत आहेत.

बाबाशेठनी खाण दुसऱ्या अंगानं नेली. तिकडचा दगड या दगडाच्या तोडीचा नाही, असं ते स्वतःच सांगतात. संगमरवराच्या चित्राचा फलक त्यांच्या क्रशरच्या कचेरीत भिंतीकडे तोंड करून उभा आहे. ऑपरेशनच्या खोलीवर बाबाजान कंपाउंडर यांच्या नावाची पाटी लावायचं चौघा बाबाजानांनी ठरवलं होतं. मजकुरावर त्यांचं अजून एकमत झालेलं नाही.

आयेशा त्याच दवाखान्यात आहे. २०२४ मध्ये छप्पर झालं. नवं टेबल तिनं फरशीतल्या त्याच चार खळग्यांवर ठेवून घेतलं. राहीलभाई एकदा जामखेडहून आले, निंबाखाली उभं राहून त्यांनी बापासाठी दुआ मागितली आणि शेजारच्या टपरीवर जाऊन विडी ओढली. त्यांना विडीचं व्यसन नाही.

गोजरबाई २०२५च्या जानेवारीत गेल्या, दुपारी जेवून पडल्या असताना. त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत सर्वांत खाली एक जुना हिरवा कपडा निघाला, कोपऱ्यावर दवाखान्याचा पुसट शिक्का असलेला. आयेशानं तो कुणालाही न विचारता स्वतःजवळ ठेवला.

दगडावर आता चादर नाही. पेशंट नंबर येईपर्यंत तिथे बसतात. निंबाची सावली दाट आहे, बसायला बरं वाटतं. बसण्याआधी प्रत्येक जण पायातल्या चपला काढून बाजूला ठेवतो. तसं कुणी सांगितलेलं नाही.